भिवा तांडेल बुडाला ती संध्याकाळ

“पहिला मासा तात्यासाहेबांचा. त्याआधी कोणाच्याही गरीला मासा लागता कामा नये,” उपप्राचार्य देशिंगकर जेटीच्या पायरीवर उभे राहून आम्हाला दबक्या आवाजात बजावत होते. “आणि मेतर, तुमच्या वडिलांनाही हे समजावून ठेवा.”

“सर, मासा आपलं ऐकत नाही,” मी म्हणालो.

“म्हणून तर तुम्हाला सांगतोय. तुम्ही ऐकता.”

ते खरंच होतं. नवज्योत ज्ञानसंवर्धक मंडळाच्या महाविद्यालयात मी भूगोल शिकवत होतो, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे घंटा होईपर्यंत प्राध्यापक आणि घंटा झाली की कोणी नाही. अशी कित्येक वर्षं गेली होती. बरोबरीच्या मुलांची लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेत जायला लागली, आणि मला मुलगी द्यायला आलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, “ऑर्डर झाली का?” कायम नेमणुकीची ती ऑर्डर अध्यक्षांच्या एका सहीसाठी अडली होती आणि मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

अध्यक्ष म्हणजे शिक्षणमहर्षी तात्यासाहेब हुलवळे. ही पदवी त्यांना कोणी दिली हे ठाऊक नाही, पण ती नावामागे लावली नाही तर काय होतं हे घाटावरच्या त्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी त्यांची एकसष्टी होती. गौरवग्रंथ निघायचा होता आणि त्यातलं ‘निसर्गप्रेमी तात्यासाहेब’ हे प्रकरण देशिंगकरांनी लिहून तयार ठेवलं होतं. फक्त तात्यासाहेबांचा निसर्गाबरोबर एकही फोटो सापडत नव्हता. घोड्यावरचा काढावा, तर शेजारच्या तालुक्यातल्या संस्थाचालकाने तो आधीच छापून टाकलेला. मग मासा ठरला. मागे मावळता सूर्य, शांत नदी, आणि तात्यासाहेबांच्या हातात मासा. देशिंगकरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, “नदी कोणाकडे आहे?” आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नदी आमच्याकडे होती. माझं गाव कर्लीच्या काठी, ती समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे. वडील पर्यटकांना होडीतून सूर्यास्ताच्या वेळी गरवायला नेत. गरवणं म्हणजे दोरीला गरी, म्हणजे गळ, बांधून मासा पकडणं. गावात हा उद्योग म्हातारे आणि रिकामटेकडे करतात, पण पाहुण्यांना त्याचं भारी अप्रूप. वडिलांचं कागदोपत्री नाव भिवाजी मेतर. साऱ्या खाडीत मात्र ते भिवा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा भिवा.

आणि भिवा तांडेल म्हणजे बढाईखोर माणूस. माझे वडील म्हणून मी झाकून ठेवणार नाही. पुराच्या पाण्यातून सुईणीला पाठीवर घालून पैलतीराहून आणली ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि दर वेळी पूर थोडा चढलेला आणि सुईण थोडी जाडी झालेली असे. पण गोष्टींचं मूळ खरं होतं. खाडीत कोणी बुडालं की पोलीस यायच्या आधी लोक आमच्या दारात येत. वडील जेवत असले तर हात न धुता उठून जात. पाण्यात त्यांचा शब्द शेवटचा होता आणि ते हे कोणाला विसरू देत नसत.

तात्यासाहेब गाडीतून उतरले. पांढरा सफारी, काळा चष्मा. मागून क्रीडाशिक्षक वाघचौरे कॅमेरा गळ्यात अडकवून आले आणि त्यांच्या मागून ड्रायव्हरच्या हातात देशिंगकरांची पिशवी आली. त्या पिशवीत शाल आणि श्रीफळ होतं. तात्यासाहेबांच्या गाडीत एक वेळ स्टेपनी नसे, पण शाल-श्रीफळ असेच. सत्काराचा योग कुठे येईल, सांगता येत नाही.

“येवा सायबानू, येवा,” वडील पुढे झाले. “कर्ली आपलीच आसा. माझ्या होडयेत बसलेल्याचो पायाचो अंगठोसुद्धा कधी भिजूक नाय. खुशाल बसा.”

“हे कोण, मेतर?”

“माझे वडील, साहेब.”

“अरे वा!” तात्यासाहेबांनी चष्मा वर केला. “अगदी साधी माणसं असतात बघा, देशिंगकर. ह्यांची पोरं आपल्यामुळं प्राध्यापक झाली.”

“आपल्यामुळेच, साहेब,” देशिंगकर म्हणाले. मी अजून झालो नव्हतो, ही बारीकशी गोष्ट कोणी काढली नाही.

होडी सोडण्यापूर्वी वडिलांनी नेहमीप्रमाणे गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवाला सांगितल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकत नाहीत. एकाने देवाशी बोलायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. वडील हात जोडून मोठ्याने म्हणाले, “बा देवा म्हाराजा! आज ह्ये पावणे घाटावरसून इलेहत, तेंका सुखरूप ने, सुखरूप हाड, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी म्हणालो. देशिंगकरांनीही सूर लावला, पण त्यांचं तोंड काठावरच्या देवळाकडे नव्हतं, तात्यासाहेबांकडे होतं.

“तेंच्या गरयेक भरपूर म्हावरा लागांदे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि माझ्या झीलाचा जा काय काम सायबांकडे अडाकलाहा, ता ह्याच येळाक पार पडांदे, रे म्हाराजा!”

झील म्हणजे मुलगा, म्हणजे मीच. पण तोपर्यंत तात्यासाहेबांनाही लय सापडली होती. “व्हय म्हाराजा!” ते खणखणीत आवाजात म्हणाले, आणि मग आपण काय बोलून बसलो हे लक्षात येऊन चष्मा पुसू लागले. वडिलांनी शांतपणे वल्हं उचललं. मला हसू आवरेना आणि घामही आवरेना.

नदी अगदी पडून होती. सुकती लागली होती, म्हणजे ओहोटी. वडिलांनी होडी वाळूच्या बेटाच्या कडेला नेऊन उभी केली. पुढच्या टोकाला तात्यासाहेब, मध्ये आम्ही तिघं, मागे वडील. गरीला सोललेलं सुंगट, म्हणजे कोळंबी, कशी लावायची ते त्यांनी दाखवलं. तात्यासाहेबांची गरी त्यांनी स्वतः भरली. आमच्या गऱ्या देशिंगकरांनी हळूच मागून घेतल्या आणि त्यांवरची कोळंबी काढून पाण्यात टाकली. आम्ही तिघंजण रिकाम्या गऱ्या सोडून मोठ्या एकाग्रतेने बसलो. नोकरीत यापेक्षा वेगळं काय करत होतो म्हणा.

बराच वेळ गेला. सूर्य खाली यायला लागला. तात्यासाहेबांच्या दोरीला हालचाल नव्हती.

“काय तांडेल, ही नदी का तळं? हालत बी न्हाई. मासे आहेत का न्हाईत?”

“मासे आसत, सायबानू. पण कोण इलेहत, ता तेंका अजून कळूक नाय.”

देशिंगकरांना यात अपमान आहे की स्तुती, हे ठरवता आलं नाही, म्हणून ते अर्धवट हसले. तात्यासाहेबांना स्तुतीच ऐकू आली. ते मागे रेलले, चष्मा खाली ओढला आणि नदीच्या गारव्याने त्यांना डुलकी लागली.

आणि नेमकी तेव्हा माझी दोरी ताणली गेली.

मी दोरी सैल सोडली. ती पुन्हा ताणली. मी मनात म्हटलं, बाबा रे, रिकामी गरी आहे, तुला काय मिळणार? पण तो मासा माझ्यासारखाच असावा. कधी ना कधी काहीतरी मिळेल या आशेवर तोंड उघडून धरलं होतं त्याने. चांगली हातभर लांबीची तांबोशी पाण्यावर चमकली आणि वडील आनंदाने ओरडले, “बगलास! रिकामे गरयेक मासो लागता तो मेतराच्या झीलाक!”

“हळू!” देशिंगकर फुत्कारले. “मेतर, हे काय केलंत? तुम्हाला कायम व्हायचंय की नाही?”

“सोडून देतो, सर.”

“खबरदार! सोडायचा नाही, द्यायचा. साहेबांच्या दोरीला लावा.”

वडिलांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं तोंड पाहून त्यांना काय ते समजलं असावं. त्यांनी तात्यासाहेबांची दोरी हलकेच ओढून घेतली आणि माझ्या गरीवरचा मासा सोडवून त्यांच्या गरीवर चढवला. “जल्मभर मासो पाण्यातसून गरयेर घेतलंय,” ते पुटपुटले, “गरयेवरसून गरयेर आज पयलोच.”

मासा पुन्हा पाण्यात गेला. देशिंगकर कळवळून ओरडले, “साहेब! साहेब, दोरी बघा!”

तात्यासाहेब दचकून जागे झाले आणि दोरी ओढू लागले. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. तांबोशी वर आली तेव्हा त्या माणसाच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. “आला! मायला, आलाच की रं!” ते गल्लीतल्या पोरासारखे ओरडले. तेवढ्या क्षणापुरते ते मला आवडलेसुद्धा.

तिथेच थांबायला हवं होतं. पण आमच्या संस्थेत आनंद असा मोकळा सोडत नसत. देशिंगकरांनी पिशवीतून शाल काढली, घसा साफ केला आणि ते उठून उभे राहिले. “आज या पवित्र कर्लीच्या साक्षीने, शिक्षणमहर्षी, निसर्गप्रेमी, मत्स्य...”

“बसा!” वडील ओरडले. “होडयेत उभे रवू नकात! बसा म्हणतंय!”

“अहो तांडेल, सत्कार कधी बसून होतो का?” देशिंगकर चिडले.

त्यांचं म्हणणं आमच्या सगळ्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. अध्यक्षांच्या खांद्यावर शाल पडत असताना बसून राहणारा माणूस आमच्या संस्थेत टिकला नव्हता. वाघचौरे उठले. माझेही गुडघे आपोआप सरळ झाले. सत्कारमूर्ती म्हणून तात्यासाहेबही एका हातात मासा घेऊन मान खाली करून उभे राहिले, म्हणजे शाल नीट बसावी. तोवर वाघचौऱ्यांना सूर्य चौकटीत मावेना, म्हणून ते एक पाऊल मागे सरकले. होडीला मागे जागा नव्हती.

पुढचं फार पटकन झालं. आकाश आडवं झालं आणि आम्ही पाचही जण पाण्यात.

माझे पाय लगेच वाळूला लागले. पाणी कमरेइतकंच होतं. देशिंगकर नारळाला मिठी मारून उभे होते. वाघचौरे कॅमेरा डोक्यावर धरून उभे होते. आणि तात्यासाहेब मात्र पाण्यात आडवे होऊन हातपाय झाडत होते आणि बोंबलत होते. “आई! आई गं! मेलो गं आई!” तो आवाज शांत नदीवरून पार पैलतीराला गेला. पलीकडच्या झाडांतले बगळे उडाले.

“उभे रवा, सायबानू! पाणी कमरेइतक्याच हा! उभे रवा!” वडील ओरडले. पण मघाशी बसा, आता उभे राहा, असल्या माणसाचं कोण ऐकतो? वडील त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी वडिलांच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि चक्क खांद्यावर चढले. तेवढं वजन अंगावर घेऊन वडील एकदा पाण्याखाली गेले, पुन्हा वर आले आणि वाळूच्या बेटावर त्यांना धान्याच्या पोत्यासारखं आणून टेकवलं. चष्मा गेला होता. मासा तर केव्हाच गेला होता.

तात्यासाहेबांची भीती ओसरली तसा राग चढू लागला. “मला हितं आणलं कोणी?” त्यांनी विचारलं.

देशिंगकरांच्या एका हातात नारळ होता. दुसऱ्या हाताचं बोट माझ्याकडे वळलं. “मेतरांच्या वडिलांची होडी, साहेब. मी आधीपासून म्हणत होतो.”

“मेतर,” तात्यासाहेब म्हणाले, “उद्यापासून कॉलेजात यायचे कष्ट घेऊ नका.”

इतकी वर्षं वाट पाहिली, हांजी हांजी केली, रिकामी गरी पाण्यात सोडून बसलो, आणि सगळं एका शालीपायी वाहून गेलं. मी वडिलांकडे पाहिलं. ते होडी सुलटी करायची सोडून तसेच उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

तेवढ्यात बाबल खवणेकराची होडी आली. बाबल म्हणजे वडिलांचा जन्माचा स्पर्धक. त्याच्या होडीत सांगलीकडचे पाहुणे होते. जेटीवरचे चारजण पाण्यातून चालत आले. किंकाळी सगळ्यांनी ऐकली होती. बाबलच्या होडीतल्या एका बाईंनी काळजीने विचारलं, “अहो, कोण बुडत होतं? आई आई करून केवढ्यांदा ओरडलं! माझ्या अंगावर काटा आला.”

वाघचौऱ्यांनी देशिंगकरांकडे पाहिलं, देशिंगकरांनी आकाशाकडे पाहिलं. तात्यासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर जेटीवर होता. उद्या सकाळी ही बातमी घाट चढून तालुक्यात पोचणार, आणि शेजारचा तो घोडेवाला संस्थाचालक पेढे वाटणार, हे त्यांना दिसत असावं.

“मी,” वडील म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“मी वरडलंय. होडी कलांडली, पोटरेत गोळो इलो, नाकातोंडात पाणी गेला. मेलंय म्हटलंय.” वडिलांनी तात्यासाहेबांकडे हात केला. “ह्या सायबांनी माका धरून भायर काढल्यानी. नायतर आज भिवाचो निकाल लागलो होतो.”

बाबलचं वल्हं हातात तसंच राहिलं. “भिवा, तू? तू बुडलंस? हयसर, कमरेइतक्या पाण्यात?”

“वय झाला, बाबल.”

“बाबा...” मी पुढे झालो. वडिलांनी न बघता माझ्या पायावर पाय दिला आणि तो चांगला दाबून धरला. “गप रव, अंत्या,” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

तात्यासाहेब क्षणभर गोंधळले. मग एखाद्याला विसरलेलं नाव आठवावं तसं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उगवलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. “अहो, त्यात काय एवढं,” ते बाईंना म्हणाले, “समोर माणूस बुडत असताना आपण बघत राहायचं का? कर्तव्य केलं.” देशिंगकरांनी भिजलेली शाल पिळली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. सत्कार अखेर पुरा झाला, तोही उभ्याने.

गाडीत बसताना तात्यासाहेबांनी मला जवळ बोलावलं. “वडिलांना जपा, मेतर. ह्या वयात पाण्याचा नाद बरा न्हाई.” काच वर करता करता पुढे म्हणाले, “आणि उद्या कॉलेजला वेळेवर या.”

घराकडे चालताना मी वडिलांना म्हणालो, “कशाला केलंत हे? सगळ्या खाडीत हसं होईल तुमचं.”

“तुझा काम झाला मा?”

“पण बाबा...”

“मग झाला तर.” एवढंच बोलले. भिवा तांडेल एखाद्या प्रसंगावर एवढंच बोलले असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

हसं झालंच. जेटीवरची माणसं विचारू लागली, “भिवा, होडयेत टायर घेतलंस मा?” एरवी एकाला दहा ऐकवणारे वडील नुसते हसत. बाबल एकटा काही बोलत नसे. तो वडिलांकडे बघे आणि तोंड फिरवी. त्याने वडिलांना स्वतःच्या डोळ्यांनी भर पावसात खाडी पार करताना पाहिलेलं होतं. त्याला ते बुडाले हे पटत नव्हतं, आणि ते खोटं बोलले हे त्याहून पटत नव्हतं. पाहुणे तर आपोआपच त्याच्या होडीकडे वळले. बुडालेल्या तांडेलाच्या होडीत पोरंबाळं घेऊन कोण बसणार?

इकडे कॉलेजात कर्लीला रोज भरती येत होती. स्टाफरूममध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाणी छातीपर्यंत होतं. संचालक मंडळाच्या बैठकीत ते दोन पुरुष झालं. गौरवग्रंथात ‘निसर्गप्रेमी’ प्रकरण काढून ‘जीवनदाते तात्यासाहेब’ घातलं गेलं, आणि त्यात देशिंगकरांनी एक भोवराही घातला. भूगोलाचा प्राध्यापक म्हणून तो भोवरा मला तपासायला दिला होता. मी तपासला.

एकसष्टीच्या समारंभाला वडिलांना संस्थेच्या जीपने आणलं. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. त्यांना व्यासपीठावर बसवलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. वडिलांना माईक म्हणजे माकडाला फांदी. ते उठले आणि बोलू लागले. काय बोलले! पायाला धरून खाली ओढणारं पाणी, डोळ्यांपुढे आलेला अंधार, मेलेली आवस, म्हणजे आई, काठावर उभी दिसलेली, आणि मग अंधारातून आलेला एक हात. मांडवात चिटपाखरू हाललं नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. वडिलांनी आयुष्यात सांगितलेली ती सगळ्यात चांगली गोष्ट होती आणि तिच्यात ते बुडत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण मी पहिल्या रांगेत होतो, आणि टाळ्या तिथूनच सुरू व्हायच्या होत्या.

त्याच व्यासपीठावर तात्यासाहेबांनी माझ्या हातात ऑर्डर दिली. वडिलांनी ती माझ्याकडून घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि कपाळाला लावली. तेवढ्याने सगळं फिटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मलाही वाटलं, चला, संपलं.

पण तात्यासाहेबांचं भाषण व्हायचं होतं. “एका भिवाला वाचवून माझं समाधान होत न्हाई,” ते म्हणाले. “नदीकाठच्या अशा कित्येक अडाणी बांधवांना आजही पोहता येत न्हाई! म्हणून आपली संस्था आजपासून ‘जलसाक्षरता अभियान’ सुरू करते आहे. पहिला विद्यार्थी श्री. भिवाजी मेतर. आणि शिकवणार त्यांचेच चिरंजीव, आपले कायम प्राध्यापक!”

उद्घाटन आमच्याच जेटीवर झालं. मांडव, सनई, फीत. पाण्यात फीत कशी बांधायची यावर देशिंगकरांनी दोन बांबू रोवून तोडगा काढला होता. तात्यासाहेब खुर्चीत बसले. कॅमेरा वाघचौऱ्यांकडे होता आणि ते खाली बसून फोटो काढत होते. अख्खा गाव काठावर जमला होता, पण नेहमीसारखा गलबला नव्हता. ज्यांची पोरं, ज्यांचे भाऊ वडिलांनी या पाण्यातून उचलून आणले होते, ती माणसं उभी होती. सगळ्यांत मागे बाबल होता.

वडील उघड्या अंगाने, पंचा नेसून पाण्यात उतरले. पायरीवर मुद्दाम अडखळले आणि माझा हात घट्ट धरला. काठावरच्या कोणीतरी खाली मान घातली.

“करा सुरुवात, मेतर सर!” तात्यासाहेबांनी फर्मावलं. मला ‘सर’ म्हणण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

मी छातीइतक्या पाण्यात उभा राहिलो आणि वडिलांच्या पोटाखाली दोन्ही हात धरले. याच पाण्यात त्यांनी माझ्या पोटाखाली हात धरून मला शिकवलं होतं. त्यांचं अंग एवढं हलकं असेल असं मला वाटलं नव्हतं. ते माझ्या तळव्यांवर टेकतच नव्हतं. त्यांनी वेडेवाकडे हात मारले, पाय आपटले, श्वास पुरा सोडून दिला, मान पाण्यात घातली, तरी पाणी त्यांना पुन्हा पुन्हा वर उचलून देत होतं. माझे हात खाली आणि वडील वर, मध्ये वीतभर नदी. काठावरून ते आता कोणालाही दिसलं असतं.

वडिलांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी मी पहिल्यांदा भीती पाहिली.

“अंत्या,” ते कुजबुजले, “माका खाली दाब. मी तरंगतंय.”

मी एक हात वर काढला, वडिलांच्या पाठीवर ठेवला आणि दाबला. तात्यासाहेबांनी टाळ्या वाजवल्या.